डावा कोपरा

23 ऑक्टोबर 2025, गुरुवार

भाऊबीज. ताईने ओवाळलं, दुपारच्या बसने ती मेहकरला परत गेली आणि घर एकदम रिकामं झालं. सोयाबीन काढून सुडी लावून ठेवली आहे, मळणी यंत्राचा नंबर अजून चार दिवस लागत नाही. म्हणजे या आठवड्यात संध्याकाळ माझी.

प्रो कबड्डीची साखळी फेरी आज संपली. बारा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. पुणेरी पलटण आणि दबंग दिल्ली दोघांनी तेरा-तेरा जिंकले, दोघांचे गुण 26. या वर्षी आठ संघ पुढे जाणार आहेत. खालच्यांनी एकमेकांशी झुंजून वर यायचं, वरच्या दोघांना अंतिम फेरीत जायच्या दोन संधी. अंतिम सामना 31 तारखेला दिल्लीत. पुतणीने सगळा तक्ता वहीच्या मागच्या पानावर आखून आणला. दहावीला आहे, गणिताची वही.

"काका, कोन जिंकन?"

म्हटलं, ज्याचे कोपरे शाबूत राहतील तो. तिला हे पटलं नाही. तिच्या वयाच्या सगळ्यांना चढाईच दिसते. जो आत जातो, चौघांना शिवून परत येतो, त्याच्यावर कॅमेरा. शिट्टी वाजेपर्यंत वाकून उभा राहणारा कुणाला दिसतो? पण ही पोट्टी स्वतः डाव्या कोपऱ्यावर खेळते. तिला तरी दिसायला हवं.

25 ऑक्टोबर, शनिवार

यू मुंबा पाटण्याकडून हरली. वाईट वाटलं. आमच्या गावात प्रो कबड्डी आली ती मुंबाच्याच नावाने. 2014 ला पहिल्या वर्षी अंतिम सामना हरली, 2015 ला जिंकली, 2016 च्या सुरुवातीला पुन्हा अंतिम सामन्यात. लागोपाठ तीन वर्षं. लोकांना अनुप कुमारचं शांत डोकं आठवतं, ते बरोबरच आहे. मला मात्र मागची फळी आठवते. कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये आपला विशाल माने आणि जीवा कुमार. चौघं अशी उभी राहत की चढाई करणाऱ्याला मैदान दहा मीटर रुंद आहे हेच वाटू नये. कोपरा घोट्याला गेला की मधला खांद्याला आलाच. बघायची गरज नाही, ओरडायची गरज नाही. चुलीजवळ दोन बायका भाकरी करतात, एक थापते, एक शेकते, तसं.

पुढे लिलावात हे सगळे वेगवेगळ्या दिशांना गेले. चढाईपटू नवीन घेता येतो. जोडी विकत घेता येत नाही, ती सरावातून उगवते. आमच्या मैदानावर मी पोरांना हेच सांगतो: कोपरा आणि मधला, दोघांनी महिनाभर एकाच बाकावर बसा, एकाच सायकलवर या.

संध्याकाळी पुतणीला विचारलं, तुझ्याशेजारी कोण उभी असते? म्हणाली, जी मोकळी असेल ती. हे चालणार नाही.

26 ऑक्टोबर, रविवार

आज सरावाला अकरा जण. सात पोरं, चार पोरी. फक्की संपली होती, म्हणून रेषा राखेने आखल्या. निदानरेषा चालून मोजतो, पण पोरींची वेगळी मोजावी लागते. पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, बायकांच्या मैदानात तीन. बोनसची रेषा तिच्या पुढे एक मीटर.

आज फक्त बोनस आणि घोटा घेतला. पुन्हा पुन्हा तेच.

हे लिहून ठेवतो, पुढे कुणाला शिकवायला कामी येईल. समोर सहा किंवा सात जण असतील तेव्हाच बोनस मिळतो. त्यासाठी पुढचा पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे चढाई करणाऱ्याचा सगळा भार एका पायावर येतो. एक डोळा लवेपर्यंतच. तोच कोपऱ्याचा क्षण. त्याआधी झेप घेतली तर त्याचा पाय अजून त्याच्या ताब्यात असतो, तो मागे ओढतो आणि जाता जाता तुमच्या पाठीला हात लावून जातो. नंतर घेतली तर तो उलटा फिरलेला असतो. क्षण सापडला तर दोन्ही हात टाचेच्या वर, बोटं एकमेकांत अडकवायची नाहीत, मनगटाला मनगट. कपाळ त्याच्या नडगीला. आपला खांदा त्याच्या गुडघ्यात. मग ओढायचं नाही, बसायचं. ओढणारा घसरतो. बसणारा जड होतो.

पुतणीने दहा वेळांतून आठदा आधी झेप घेतली. वेग आहे, ताकद आहे, घाबरत तर कुणालाच नाही. थांबता तेवढं येत नाही. गेल्या महिन्यात शालेय सामन्यात हेच झालं. शेवटच्या दोन मिनिटांत तिने दोनदा आधी झेप घेतली, दोन गुण गेले, संघ घरी आला. त्या दिवसापासून ती मला एकच प्रश्न विचारते.

"काका, माहा हात काहून सुटला?"

बाई, हात सुटला नव्हता. हात पोचलाच नव्हता.

27 ऑक्टोबर, सोमवार

आजचा सामना मी विसरणार नाही.

पुणे आणि दिल्ली, जिंकणारा थेट अंतिम फेरीत. आमच्या ओट्यावर एक मोबाइल तांब्याला टेकवून ठेवलेला, भोवती चौदा-पंधरा डोकी. म्हातारे आबा पण आले, त्यांना पडद्यावरचं दिसत नाही, आवाजावरून समजतं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा 34-34. बरोबरी.

मग पाच-पाच चढायांचा डाव. यात दोन्हीकडे सातच्या सात माणसं उभी राहतात आणि कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात. निदानरेषा हीच बोनसची रेषा होते. म्हणजे चढाई करणाऱ्याला बोनस अगदी जवळ. कोपऱ्यांना पुढे यावं लागतं, पुढे आलं की पाठ उघडी पडते. सगळी वर्षभराची उभं राहायची सवय त्या दहा चढायांत मोडून टाकायची. ज्या बचावाचे पाय एकमेकांच्या पायांशी बांधलेले आहेत तोच यात टिकतो.

दिल्लीने 6-4 ने घेतला. ओट्यावर शांतता. पुण्यासाठी आमचा जीव तुटत होता. अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, पंकज मोहिते, आदित्य शिंदे, घरची पोरं वाटतात. याच पलटणने 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरियाणाला 28-25 हरवून पहिलं विजेतेपद आणलं होतं, तेव्हा गावात पेढे वाटले होते. त्या वर्षी त्यांच्या डाव्या कोपऱ्यावर इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता. एका हंगामात पकडीचे 99 गुण. एक कमी पडला. शंभर आधी एकदाच झाले होते, यूपी योद्धाच्या नितेश कुमारचे, सहाव्या हंगामात. शादलूचा तो एक गुण मला आजही आठवतो.

पुण्याला अजून एक संधी आहे.

रात्री झोप नाही. 1997 आठवत राहिलं. मी एकोणीस वर्षांचा. घाटाखालच्या एका गावात खुले सामने होते, आम्ही घाटावरचे. बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठलाही असो, आधी हे विचारतात: घाटावरचा की घाटाखालचा? आमच्याकडे मुरमाड, हलकी जमीन, पडलं की कोपरं सोलतात. खाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी कसदार माती, मैदानावर पाणी मारलं की लोण्यासारखी. तिथली पोरं पडायला घाबरत नसत, म्हणून त्यांची पकड खोल जाई. अंतिम सामना होता. हॅलोजनचे दिवे, बैलगाड्यांवर उभी माणसं. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने पुढे. त्याने बोनसला पाय टाकला असं मला वाटलं. त्याने टाकला नव्हता, फक्त दाखवला होता. मी गेलो. मातीत तोंड, पाठीवर त्याचा हात. तो शिवून गेला तो एक, आणि मला सोडवायला शेजारचा पुढे आला त्याला शिवला तो दुसरा. परतीच्या ट्रकमध्ये कुणी मला बोललं नाही, कुणी रागावलंही नाही. राजूर घाट चढताना थंडी वाजत होती आणि शेजारच्याने स्वतःचं घोंगडं माझ्यावर टाकलं. तो माझा मधला होता. अजून आमची शेतं शेजारी आहेत.

28 ऑक्टोबर, मंगळवार

आभाळ. बंगालच्या उपसागरातलं मोंथा वादळ आज रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर येणार असं सकाळपासून सांगत आहेत. सुडीवर दुसरी ताडपत्री टाकली, कडेने दगड लावले. कापसाची बोंडं फुटलेली आहेत, तिथे काही करता येत नाही.

सराव नाही. तेलुगू टायटन्सने पाटण्याला 46-39 हरवलं. अयान लोहचबने पाटण्याला खालून इथवर ओढत आणलं होतं. एकटा माणूस किती ओढणार?

29 ऑक्टोबर, बुधवार

पाऊस. पहाटे सुरू झाला, दुपारपर्यंत रिपरिप. सुडी वरून कोरडी आहे, खाली हात घातला तर ओल लागली. उद्या ऊन पडलं तर उलटून टाकावी लागेल.

रात्री पुणे विरुद्ध टायटन्स. आज ओट्यावर नाही, घरातच. पुणे सुरुवातीलाच बरंच मागे पडलं, मग आदित्य शिंदे उठला. चढाईमागून चढाई. 50-45. पुणे अंतिम फेरीत.

सगळे नाचले. मी पण टाळ्या वाजवल्या. पण मनापासून लिहायचं तर असा सामना मला आवडत नाही. दोन्ही बाजूंचे मिळून 95 गुण, म्हणजे दोन्हीकडचे बचाव फुटले. बांध फुटल्यावर पाणी किती जोरात वाहिलं याचं कौतुक मी करू शकत नाही. त्यात भरत हुडाने टायटन्सकडून केलेल्या चढाया कुणालाही अडवता आल्या नाहीत हेही आलंच. अंतिम सामन्यात असे पन्नास गुण सहसा मिळत नाहीत. तिथे बऱ्याचदा पंचवीस-तीस गुणांवर निकाल लागतो, आणि त्या पंचवीस-तीसांत दोन पकडी जड ठरतात. 2024 चा 28-25 तसाच होता. डिसेंबर 2024 ला हरियाणाने पाटण्याला हरवलं, 32-23, तोही तसाच.

पुतणी म्हणाली, "काका, तुमाले पकडीबिगर काही दिसतच नाही."

खरं आहे.

30 ऑक्टोबर, गुरुवार

ऊन पडलं. घरातले सगळे सुडीवर. उलटली, पसरली, दाणे हातात घेऊन बघितले. काही काळपटले आहेत, बरेचसे वाचले.

दुपारी बांधावर जेवताना पुतणीने विचारलं, उद्या दिल्लीकडून कोण भारी? मी फझल अत्राचलीचं नाव घेतलं आणि मग तासभर बोलत बसलो. ती ऐकत होती म्हणून बोललो.

फझल इराणच्या गोरगानचा. तिकडच्या पोरांच्या अंगात आधी कुस्ती असते, कबड्डी नंतर येते, म्हणून त्यांची मिठी सुटत नाही. 2015 ला तो यू मुंबात आला, जिंकला. मग पाटण्यात जिंकला. मग गुजरात, पुन्हा मुंबा, पुणे, पुन्हा गुजरात, बंगाल आणि आता दिल्ली. प्रो कबड्डीत पकडीचे पाचशे गुण गाठणारा पहिला माणूस तोच. डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो. आमच्या कोपऱ्यावर.

2018 ला जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला 27-18 हरवलं. 1990 ला बीजिंगमध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण आपल्याशिवाय कुणाकडे गेलं नव्हतं. त्या दिवशी आपला कर्णधार होता अजय ठाकूर. तोच अजय ठाकूर आज पुण्याचा प्रशिक्षक आहे आणि समोर पुन्हा फझल. पुतणीने हात थांबवून विचारलं, मग पोरींचं काय झालं त्या वेळी? पोरींच्या अंतिम सामन्यातही इराण जिंकलं, 27-24. आणि त्यांची प्रशिक्षक होती आपल्या नाशिकची शैलजा जैन. महाराष्ट्रातली एक बाई परक्या देशात जाते, भाषा येत नाही, आणि तिथल्या पोरींना असं उभं करते की त्या आपल्याच देशाला हरवतात. त्या बातमीचं कात्रण माझ्या ट्रंकेत आहे. हरल्याचं दुःख आणि बाईंचा अभिमान, दोन्ही एकाच दिवशी आलं होतं.

आणि हेही सांगितलं की कबड्डी परदेशी पहिल्यांदा कुणी दाखवली ते आपल्या वऱ्हाडाने. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं 1936 ला बर्लिनला गेली होती, ऑलिंपिकच्या वेळी. इथून अमरावती किती लांब? सकाळची एसटी पकडली तर दुपारच्या आत.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "फझल केव्हा झेप घेतो, ते उद्या मोजते."

31 ऑक्टोबर, शुक्रवार

अंतिम सामना. ओटा वाळला होता. तांब्या, मोबाइल, आबा, सगळे जागेवर. पुतणी वही घेऊन बसली.

मध्यंतराला दिल्ली 20-14 पुढे. पुण्याने हार मानली नाही. दुसऱ्या डावात त्यांच्या मागच्या फळीने एकेक करून अंतर खाल्लं. गौरव खत्री उजव्या कोपऱ्यावर, अबिनेश मध्ये. बुधवारी फुटलेला हाच बचाव आज विटेवर वीट रचत होता, आणि बघताना माझ्या मांडीचे स्नायू आपोआप ताठ होत होते. आदित्य शिंदेचे दहा गुण. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा दोन गुणांचा फरक.

आदित्य चढाईला आला. एक चांगली चढाई झाली असती तर सामना उलटला असता. मी पडद्यावर त्याच्याकडे बघितलंच नाही, फझलच्या पायांकडे बघत होतो. तो हलत नव्हता. टाचा उचललेल्या, गुडघे वाकलेले, हात मांडीवर. आदित्य आत आला, फझल अर्धं पाऊल मागे. पुन्हा आत आला. तेव्हा गेला. बाकीचे वर पडले.

31-28. दिल्ली.

आबांनी विचारलं, "कोनं धरलं?" कुणीतरी सांगितलं. आबा म्हणाले, "धरनाराच जिंकते बाप्पा." त्यांच्या काळी हुतूतू खेळत, तेव्हाही ते मागेच उभे राहत.

पोरं हिरमुसून उठली. मीही पुण्यासाठीच बसलो होतो आणि छातीत खड्डा पडला होता. तरी त्या पकडीला मनातून हात जोडले. तेहतीस वर्षांचा माणूस, शरीर किती वेळा आपटलं असेल, आणि हंगामातल्या सगळ्यांत महाग क्षणी त्याला घाई झाली नाही.

पुतणीची वही बघितली. फझलसमोर दिल्लीवर झालेल्या प्रत्येक चढाईला तिने एक रेघ मारली होती, त्याने झेप घेतली तिथे गोल. रेघांनी पान भरलेलं. गोल मोजके.

1 नोव्हेंबर, शनिवार

मळणी उद्यावर गेली, एकादशी असली तरी यंत्रवाला येतो म्हणाला. संध्याकाळी मैदानावर गेलो. पावसाने रेषा धुऊन नेल्या होत्या. फक्की आणली, नव्याने आखलं. माती अजून ओलसर, पायाखाली दबणारी. घाटाखालच्या मातीसारखी. आपल्याकडे वर्षातून असे चारपाच दिवसच मिळतात.

पोरी सात झाल्या. पुतणीने आज शेजारची कोण ते स्वतः ठरवलं, तिच्याच वर्गातली, शांत, उंच पोरगी. दोघींनी हात धरून जागा घेतली. पुतणीने टाचेने जमिनीवर एक खूण केली आणि त्या खुणेवर उभी राहिली.

चढाईला मी गावातली थोरली पोरगी पाठवली, कॉलेजला जाणारी, चपळ. ती सरळ डाव्या कोपऱ्यावर गेली. पाय दाखवला. पुतणीचे खांदे हलले, पाय हलले नाहीत. पुन्हा पाय दाखवला, या वेळी रेषेला चिकटून. मी श्वास धरून उभा. पुतणी अर्धं पाऊल मागे गेली, शेजारचीचा हात ताणला गेला, ती पण मागे आली. थोरली मध्ये वळली, पुन्हा कोपऱ्यावर आली, बोनसला पाय टाकायचा विचार केला आणि टाकला नाही. मी मोठ्याने आकडे मोजत होतो. सत्तावीस, अठ्ठावीस.

ती मध्यरेषेवरून परत गेली. रिकामी चढाई. कुणी कुणाला शिवलं नाही.

पुतणी माझ्याकडे बघत होती. तिच्या टाचेची खूण मातीत खोल गेली होती. मी दुसरीला चढाईला पाठवलं.